शेवटचे पाच मीटर

स्कूबा डाईव्हमधले सगळ्यात अवघड पाच मीटर कोणते, असं नवशिक्याला विचारलं तर तो म्हणेल, पहिले. साहजिक आहे. बोटीच्या काठावरून मागे झोकून द्यायचं, सिलिंडरमधली हवा देणाऱ्या तोंडातल्या रेग्युलेटरवर भरवसा ठेवायचा, नाक दाबून कान मोकळे करायचे आणि डोक्यावरचं पाणी वाढत असताना शांत राहायचं, हे सगळं त्या पहिल्या पाच मीटरांतच जमवावं लागतं. पण काही वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, शेवटचे.

वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं असतं. दाबाखाली शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला सावकाश बाहेर पडता यावं म्हणून. सिलिंडर तोवर रिकामा होत आलेला असतो, हवेचा दाब दाखवणारा काटा २०० बारवरून ५० बारच्या आसपास आलेला. धरायला दोरी असेल तर ठीक. नसेल, आणि खाली नुसता निळा रंग असेल, तर आपण कमरेला किती शिसं बांधलं होतं त्याचा हिशेब त्या तीन मिनिटांत उघडा पडतो. कमी बांधलं असेल तर शरीर आपोआप वर सरकायला लागतं आणि कितीही धडपड केली तरी थांबत नाही. जास्त असेल तर माणूस तीन मिनिटं अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरत आणि सोडत राहतो. कधी तीन मीटर, कधी आठ. आणि ज्याचं वजन बरोबर आहे तो नुसता असतो. हात छातीशी, पाय मागे, नजर खोली आणि वेळ दाखवणाऱ्या छोट्या संगणकावर. काही करत नाही. ते काहीच न करणं मला पाण्याखालच्या सगळ्या कौशल्यांत मोठं वाटतं.

डायव्हिंगबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते माशांबद्दल, प्रवाळांबद्दल, फार तर पहिल्या भीतीबद्दल. शिशाबद्दल कुणी लिहीत नाही. बोटीच्या मागच्या बाजूला एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये राखाडी, ओबडधोबड ठोकळे पडलेले असतात, एक किलोचे आणि दोन किलोचे. उन्हाने तापलेले, कडा चेपलेल्या, काहींवर किलोचा आकडा झिजून गेलेला. गाईड विचारतो, "वजन किती तुमचं?" आपण सांगतो. तो आपल्याकडे एकदा बघतो, पट्ट्यात ठोकळे ओवतो आणि पट्टा हातात देतो. एवढ्या घाईत उरकण्याची ही गोष्ट नव्हे, असं मला अगदी मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय. (ते ठोकळे नुसत्या हातांनी हाताळले असतील तर काही खाण्याआधी हात धुवावेत, हेही जाता जाता. शिसं ते शिसंच.)

मुळात शिसं लागतं कशाला? आर्किमिडीजचं तत्त्व आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल तिला वर ढकलतं. डायव्हरच्या अंगावरच्या बऱ्याच गोष्टी आपल्या वजनापेक्षा जास्त पाणी सारतात. सगळ्यात आधी वेटसूट, म्हणजे निओप्रीनचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. निओप्रीन म्हणजे रबरात कोंडलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. ते ऊब देतात आणि तेच तरंगवतात. मग फुप्फुसं. मग अंगावरची चरबी, जी प्रत्येकाची वेगळी. तारुण्यात व्यायामशाळेत कमावलेलं शरीर आणि पन्नाशीतलं सुखवस्तू शरीर, काट्यावर दोन्ही ८० किलो भरली तरी पाण्यात वेगळी वागतात. म्हणूनच 'शरीराच्या वजनाच्या १० टक्के शिसं' हा बोटीवरचा आवडता नियम मला पटत नाही. त्याला सूट किती जाडीचा आहे ते ठाऊक नसतं, सिलिंडर कुठल्या धातूचा आहे ते ठाऊक नसतं, पाणी खारं आहे की गोडं तेही नाही. तीन मिलिमीटरचा सूट उतरवून पाच मिलिमीटरचा चढवला की दोनेक किलोंचा फरक सहज पडतो. माणूस तोच, काट्यावरचं वजन तेच.

सिलिंडरची गोष्ट तर फार सुंदर आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमचा, साधारण ११ लिटरचा सिलिंडर मिळतो. २०० बार दाबाने भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. हवेला वजन नसतं असं आपण रोजच्या व्यवहारात धरून चालतो, पण लिटरला सव्वा ग्रॅमच्या जरा खालीच धरलं तरी ही हवा अडीच किलोंच्या वर भरते. म्हणजे २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत आपण जवळपास दोन किलो हवा श्वासावाटे वापरून बुडबुड्यांच्या रूपाने वर पाठवून दिलेली असते. सुरुवातीला पाण्यात किंचित बुडणारा तो सिलिंडर शेवटी तरंगायला लागतो आणि पाठीला वर ओढतो. उतरताना नेमकं भासलेलं वजन वर येताना दोन किलोंनी कमी पडतं ते याच कारणाने. स्टीलच्या सिलिंडरमधूनही हवा तेवढीच जाते, पण तो मुळातच जड असल्यामुळे बहुतेक वेळा रिकामा झाला तरी बुडताच राहतो. त्यामुळे स्टील मिळालं तर पट्ट्यातलं शिसं कमी करायचं. सिलिंडर कुठल्या धातूचा आहे हे बोटीवर चढल्या चढल्या विचारून घ्यावं.

म्हणजे वजन ठरवायचं ते शेवटासाठी. सुरुवातीला आपण ती दोन किलो हवा धरून थोडे जड असणारच, आणि तेवढ्यापुरती हवा जॅकेटमध्ये भरून घ्यायची. जॅकेट म्हणजे बीसीडी, तरंगणं-बुडणं सांभाळायचं साधन. डाव्या खांद्यावरून येणारी नळी, तिच्या टोकाला दोन बटणं, एक हवा भरायचं, एक सोडायचं. इतकं सोपं यंत्र आहे की ते कशाकशावर पांघरूण घालतं हेच लक्षात येत नाही.

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी फ्रान्समध्ये अॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण तयार केलं तेव्हा असं जॅकेट नव्हतंच. पुढची बरीच वर्षं लोक पाठीवर सिलिंडर आणि कमरेला शिशाचा पट्टा, एवढ्यावरच उतरत. उतरायच्या आधी मोजूनमापून वजन बांधायचं आणि बाकीचं सगळं श्वासावर सांभाळायचं. १९६१ मध्ये मॉरिस फेन्झी यांनी गळ्यात घालायची फुगवता येणारी पिशवी बाजारात आणली. १९७१ मध्ये स्कूबाप्रो कंपनीचं अंगात घालायचं जॅकेट आलं, आणि आज आपण वापरतो ते त्याच कुळातलं. या जॅकेटने असंख्य जीव वाचवले आहेत, पृष्ठभागावर दमलेल्या माणसाला तरंगतं ठेवलं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण त्याच्यामुळे एक सोयही झाली. जास्तीचं शिसं आता खपून जातं. चार किलो जास्त झालं? चार लिटर हवा जास्त भरा. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून पाणी घालायचं, मग पातळ झाली म्हणून डाळ, आणि शेवटी भांडंच मोठं घ्यायचं, तसा हा प्रकार आहे.

चार लिटर हवेत बिघडतं काय, ते आकड्यांत पाहू. २० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथे जॅकेटमध्ये ही चार लिटर जास्तीची हवा आहे. आपण वर यायला लागलो. १० मीटरवर दाब दुप्पट उरतो, आणि तीच हवा फुगून सहा लिटर होते. पाच मीटरवर आठ लिटर. तोवर काही केलं नाही तर पृष्ठभागावर बारा. म्हणजे ज्या पाच मीटरवर आपल्याला स्थिर उभं राहायचं आहे, तिथे पोचेपर्यंत न मागितलेली चार किलोंची उचल अंगाला लागलेली असते, आणि ती वेळेवर सोडली नाही तर आणखी वाढत जाते. सूटमधले दबलेले बुडबुडेही त्याच वेळी फुलत असतात. उथळ पाण्यात मीटरमागे होणारा फरक सगळ्यात मोठा असतो. ३० मीटरवर दोन मीटर वरखाली झालं तर फारसं जाणवत नाही, पाच मीटरवर तेच दोन मीटर माणसाला थेट वर नेऊन सोडतात. ज्याचं वजन नेमकं आहे त्याच्या जॅकेटमध्ये शेवटी जवळजवळ हवाच नसते. फुगायलाच काही नसल्यामुळे तो थांबू शकतो.

मला मन्नारच्या आखातातले मोती काढणारे जुने पाणबुडे आठवतात. दोरीला बांधलेल्या जड दगडावर पाय ठेवून ते झपाट्याने तळाशी जात. तळ आला की पाय काढून घेत, आणि वर होडीत बसलेला सोबती तो दगड ओढून घेई. वजन फक्त खाली जाण्यापुरतं. शिंपल्या गोळा करताना आणि वर येताना ते अंगावर नसे. एका श्वासावर जगणाऱ्या माणसाला जास्तीचा भार परवडणारा नव्हता. आपल्या पाठीवर तासाभराची हवा असते, म्हणून आपल्याला तो परवडतो असं वाटतं.

पण मग बोटीवर इतकं शिसं का दिलं जातं? यात कुणाचा दुष्टपणा नाही, हे मी पाहिलेलं आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना उथळ पाण्यात नेतात. हौशी माणूस, आयुष्यात पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर धरलेला, थोडा घाबरलेला, आणि त्याला त्याच वीसेक मिनिटांत मासे बघायचे असतात. तिथल्या एका बोटीवर नाशिकहून आलेल्या एका बाईंना पट्टा बांधणारा पोरगा किती मायेने म्हणत होता, "ताई, खाली जावक व्हया ना? मगे आणखी दोन घेवा." त्याचं बरोबर होतं. पूर्ण वेळ तोच त्यांचा सिलिंडर धरून त्यांना फिरवणार होता. त्या वर उचलल्या गेल्या असत्या तर घाबरल्या असत्या. ज्याला धरून नेतात त्याला थोडं जड ठेवणं ही तिथली काळजी आहे. बंदरात जहाजाच्या बुडाशी काम करणारा पाणबुड्याही मुद्दाम जड जातो, कारण त्याला एका जागी पाय रोवून हत्यार चालवायचं असतं. अडचण होते ती पुढे. तेच आठ-दहा किलो मनात पक्के बसतात, माणूस रीतसर कोर्स करतो, कुणीही न धरता पोहायला लागतो, आणि कुणी विचारलं की सांगतो, "मला आठ लागतात." हा आठाचा आकडा कधी, कुठल्या सूटमध्ये, कुठल्या पाण्यात, किती घाबरलेला असताना ठरला होता, हे तो विसरलेला असतो.

घाबरण्याचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. खाली जाता येत नाही म्हणून शिसं वाढवलं जातं, पण खाली न जाण्याची कारणं बहुतेक वेळा वजनात नसतात. नवा माणूस पृष्ठभागावर नकळत पाय मारत असतो. त्याने जॅकेटमधली हवा सोडली असं त्याला वाटतं, पण नळी नीट उंच धरलेली नसते, आणि खांद्याशी हवेचा फुगा अडकून राहतो. कोरड्या सूटमध्ये हवा भरलेली असते, ती भिजून निघायला दोन-तीन मिनिटं लागतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याची छाती भरलेली असते. घाबरलेला माणूस श्वास घेतो आणि पूर्ण सोडत नाही. वर वर, छातीच्या वरच्या भागात, लहान लहान श्वास. फुप्फुसात दीड-दोन लिटर हवा सतत जास्तीची राहिली तर ती दीड-दोन किलोंची उचल झाली. त्यावर गाईडकडे झटपट उपाय एकच असतो: दोन किलोंचा ठोकळा. दहा मिनिटांनी भीती ओसरते, श्वास खाली उतरतो, सूट भिजतो. ठोकळा मात्र पट्ट्यातच राहतो, आणि पुढची सगळी डाईव्ह माणूस आपल्या पहिल्या दोन मिनिटांच्या भीतीचं वजन वाहत असतो.

माझ्या भाचीचं असंच चाललं होतं. कोर्सचा पहिला भाग तिने पुण्यात पोहण्याच्या तलावात केला, तिथे तिला तीन किलो पुरत होते. मग आम्ही मुरुडेश्वरहून नेत्राणीला गेलो. कारवारच्या खाली, किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटरवरचं हे बेट. मालवणपेक्षा पाणी पुष्कळ स्वच्छ, खडकांचे कडे सरळ खाली उतरलेले, त्यांना चिकटून पोपटमासे आणि मधूनच एखादं कासव. बोटीवर तिच्या हातात आठ किलोंचा पट्टा आला. गोड्या पाण्यातून समुद्रात आलं की वजन वाढवावं लागतं हे खरंच आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे माणूस आणि सामान मिळून ८० किलो धरले तर दोन किलो वाढवायचे. तीन अधिक दोन, पाच. आठाचं कारण मला दिसेना. बोट नांगरलेली होती, घाई नव्हती. मी गाईडला विनंती केली की आधी तपासून बघू, आणि तो समजूतदार होता, लगेच हो म्हणाला. तिच्या पट्ट्यात पाच ठेवले.

"मावशी, मी बुडतच नाहीये!"

"पाय थांबव आधी."

"थांबवलेत."

थांबवले नव्हते. मास्कमधून खाली पाहिलं तर तिच्या पायांतले फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंख, शिडी चढल्यासारखे चालू होते. तिला एका पायाचा घोटा दुसऱ्यावर ठेवायला सांगितलं. नळी डोक्यावर ताणून धरायला सांगितलं. मागे राहिलेली हवा फुसकन निघाली. मग म्हटलं, आता नेहमीसारखा श्वास घे आणि क्षणभर धर. पाणी तिच्या मास्कच्या मध्यावर येऊन थांबलं. डोळ्यांच्या रेषेत पाणी, अर्धं जग वर, अर्धं खाली. "आता सोड. अजून. अजून सोड." ती शांतपणे खाली गेली. तेवढंच.

ही तपासणी प्रत्येकाने प्रत्येक नव्या ठिकाणी करावी, आणि करताना सिलिंडर भरलेला असेल तर वापरल्या जाणाऱ्या हवेचे दोनेक किलो त्यात धरावेत. सर्वात चांगली चाचणी मात्र डाईव्हच्या शेवटी होते: काट्यावर ५० बार, खोली पाच मीटर, जॅकेट पूर्ण रिकामं, आणि नुसत्या श्वासावर तिथेच राहता येतं का ते बघायचं. राहता आलं तर वजन बरोबर. पुरेसं शांत राहूनही वर जायला लागलात तर एक किलो वाढवा. जॅकेटमध्ये अजून बरीच हवा ठेवावी लागत असेल तर काढा. एका वेळी एकच किलो, आणि पुढच्या डाईव्हला पुन्हा बघायचं. नेत्राणीला पहिल्या डाईव्हच्या शेवटी भाची पाच मीटरवर जरा वर ओढली जात होती. दुसऱ्या डाईव्हला एक किलो वाढवला, सहा झाले, आणि तो एक किलो कमरेला न लावता तिच्या पाठीवर, सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याला बांधला.

कारण शिसं किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. सगळं शिसं कमरेला आणि हवा जॅकेटच्या वरच्या भागात, छाती-खांद्यांपाशी. म्हणजे वरचा भाग वर ओढला जातो, कंबर खाली. माणूस तिरका होतो, डोकं वर, पाय खाली. असा माणूस फिन्स मारतो तेव्हा पाणी मागे जाण्याऐवजी अर्धंअधिक खाली ढकललं जातं, आणि तो स्वतःला नकळत वर उचलत राहतो. जास्तीच्या शिशाने तो बुडायला हवा, पण पाय मारत राहिल्याने तरंगतो, आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. त्याला वाटतं, आपलं छान जमलंय. दम मात्र लवकर लागतो, हवा भराभर संपते. अशा डायव्हरला ओळखायची एक युक्ती आहे: त्याला खुणेने थांबायला सांगा. पाय थांबले की तो खाली जायला लागतो. नेमक्या वजनाचा माणूस पाय थांबवल्यावर आहे तिथेच राहतो. मी नव्या जोडीदाराबरोबर उतरले की पहिल्या काही मिनिटांत कुठल्यातरी खडकापाशी, काहीतरी दाखवण्याच्या निमित्ताने, त्याला थांबवतेच.

आणि तो थांबला की खाली काय असतं? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अंदमानात स्वराज द्वीपच्या भोवती आजही सुंदर प्रवाळ आहेत, पण १९९८ आणि २०१० च्या तापलेल्या पाण्यात तिथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती, आणि जी वाचली किंवा पुन्हा रुजली ती नाजूक अवस्थेतून आलेली आहेत. गोल दगडासारखा दिसणारा पोराइटीस जातीचा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे मीटरभर उंचीचा प्रवाळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाचा असू शकतो. त्याच्यावर डोकं वर, पाय खाली अशा अवस्थेतला, तीन किलो जड माणूस फोटो काढायला थांबतो, आणि फिनचं टोक टेकतं. कायद्याने प्रवाळांना वाघाच्या बरोबरीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. तो माणूस कायदा मोडायला आलेला नसतो. बहुतेकदा त्याचं प्रवाळांवर प्रेमच असतं. त्याला कुणी वजन काढायला शिकवलेलं नसतं. समुद्राचं तापमान तुमच्या-माझ्या एका पट्ट्याने कमी होणार नाही, पण फिन कुठे टेकतो हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि जे आपल्या हातात आहे त्याबाबत मी कुणाशीही तडजोड करायला तयार नाही.

हे सगळं जमलं की उरतो श्वास. बाकी सामान ओबडधोबड काम करतं, बारीक काम फुप्फुसं करतात. साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते, म्हणजे अर्ध्या किलोची उचल येते आणि जाते. समोर खडक आला तर हात न हलवता, बटण न दाबता, जरा भरून श्वास घ्यायचा. एक-दोन सेकंद काहीच होत नाही, मग शरीर हळूच उचललं जातं आणि खडकावरून पलीकडे जातं. तो मधला उशीर नव्या माणसाला कळत नाही. काही होत नाही म्हणून तो बटण दाबतो, तेवढ्यात श्वासाचाही परिणाम होतो, आणि दोन्ही मिळून तो वर जातो. थांबायला शिकावं लागतं. श्वास रोखायचा मात्र कधीच नाही, वर जाताना तर मुळीच नाही. कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाडू शकते. जॅकेटमध्ये जसे चार लिटरचे बारा होतात तसेच छातीतही होऊ पाहतात. म्हणून श्वास लांब, सावकाश, सतत चालू. शिसं जास्त असेल तर ही श्वासाची भाषा चालतच नाही, कारण जॅकेटमधली भरमसाट हवा तिच्यावर मात करते. नेमक्या वजनाचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच: आपलं शरीर आपल्या श्वासाचं ऐकायला लागतं.

एका बाबतीत मात्र शिशाकडे अगदी वेगळ्या नजरेने बघावं लागतं. पृष्ठभागावर अडचण आली, हवा संपली, जॅकेट फुगेना, तर पट्टा सोडून द्यायचा. बकल उजव्या हाताने एका ओढीत सुटलं पाहिजे, आणि पट्टा इतर कशाखाली अडकलेला नको. अपघातांच्या तपासात वारंवार असं आढळलंय की बुडालेल्या डायव्हरच्या कमरेला पट्टा तसाच होता. घाबरलेल्या माणसाला तो सोडायचं सुचत नाही, म्हणून ते हाताला आधीच ठाऊक असायला हवं. जोडीदाराचा पट्टाही कसा सुटतो ते उतरायच्या आधी हात लावून बघावं, विशेषतः खिशात शिसं बसवायची जॅकेट्स असतात तिथे. प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं. आणि तो खिसा नीट बसलाय का हेही ओढून बघावं, कारण २० मीटरवर नकळत एक खिसा गळून पडला तर माणूस एका बाजूने हलका होऊन वर उचलला जातो. पट्टा किंवा खिसा तपासायला अर्धं मिनिट लागतं. बोट डुलत असते, सगळे उतावीळ असतात, मासे खाली वाट बघत असतात असं वाटतं. तरीही ते अर्धं मिनिट द्यावं.

भाचीला आम्ही नेत्राणीहून परतताना बोटीतच एक वही लावून दिली. आजकाल सगळं फोनमध्ये नोंदवतात, पण ओल्या हातांनी पेन्सिल बरी चालते. तिच्यात माशांची नावं ती लिहीलच. मी तिला दर डाईव्हला चार गोष्टी लिहायला सांगितल्या: सूटची जाडी, सिलिंडरचा धातू, पट्ट्यात किती आणि कुठे, आणि ५० बारला पाच मीटरवर कसं वाटलं. जागा बदलली, सूट बदलला, दोन वर्षांनी अंग जरा सुटलं, तरी मागचं पान उघडून एक-दोन किलोंच्या आत अंदाज बांधता येईल. बोटीवरच्या कुणाच्या नजरेच्या मापावर तिला विसंबून राहावं लागणार नाही. डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर स्वराज द्वीपला जातेय. सूट तोच, तीन मिलिमीटरचा. पहिल्या पानावर तिने स्वतःच लिहिलंय: "अॅल्युमिनियम असेल तर सहा, पाच कमरेला आणि एक पाठीवर. स्टील असेल तर चारपासून सुरू. आधी पाय थांबवून बघायचं."